नेट्रॉनच्या सरोवराकाठी



1798 साली नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तमध्ये गेलेल्या विद्वानांत क्लोद लुई बर्तोले हा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि कैरोच्या वायव्येस वाळवंटातील नेट्रॉनच्या, म्हणजे नैसर्गिक सोड्याच्या, सरोवराकाठी त्याने जे पाहिले ते तत्कालीन शास्त्राच्या चौकटीत बसणारे नव्हते. धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणे एकत्र केली की चुनखडीचा पांढरा साका खाली बसतो व द्रावणात मीठ उरते, हा प्रयोगशाळेतला नित्याचा अनुभव. परंतु येथे चुनखडीच्या भूमीत खारे पाणी असताना काठावर सोड्याचेच थर साचत होते, म्हणजे तीच क्रिया उलट्या पावली चालली होती. पदार्थांचे परस्परांविषयीचे आकर्षण क्रियेची दिशा कायमची ठरवते, हे मत अपुरे असून पदार्थांची राशी किती आणि निर्माण झालेला पदार्थ तेथेच राहतो की निघून जातो, यांचाही तिच्यावर अंमल चालतो, असे अनुमान त्याने काढले.

हा अंमल आकड्यांत पकडण्यास साठ वर्षे जावी लागली. 1862 साली बर्तलो (नावाच्या साम्याने घोटाळा होऊ नये, ही व्यक्ती निराळी) आणि त्याचा सहकारी पेआं द सां-जिल यांनी मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्यापासून एस्टर आणि पाणी होण्याची क्रिया तपासली. दोहोंचे रेणू समसंख्य घेतले तर दोन-तृतीयांश भाग खर्ची पडल्यावर क्रिया थबकते, आणि एस्टर व पाणी यांपासून उलट आरंभ केला तरी मिश्रण त्याच मुक्कामी येते, असे त्यांना आढळले.

नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्या-मेहुण्यांनी 1864 साली या साऱ्याच्या मुळाशी असलेला नियम मांडला. पहिला निबंध नॉर्वेजियन भाषेत असल्यामुळे तो बाहेर फारसा कोणी वाचला नाही, आणि 1879 साली तो जर्मन भाषेत विस्ताराने मांडला जाईपर्यंत युरोपीय विद्वत्तेच्या दफ्तरी त्याची योग्य नोंद झाली नाही; स्वभाषेत शास्त्र लिहिणाऱ्यांविषयी मला वाटणारा आदर या हकिकतीने वाढतो. नियमाचे आजचे रूप असे: निर्माण झालेल्या पदार्थांच्या संहतींच्या गुणाकाराला मूळ पदार्थांच्या संहतींच्या गुणाकाराने भागले असता, ठरावीक तापमानास भागाकार अचल राहतो. वरील उदाहरणात दोन-तृतीयांशांचा वर्ग भागिले एक-तृतीयांशाचा वर्ग, म्हणजे 4. आता मद्यार्क दुप्पट घ्या. 4 हा अंक ढळत नाही, म्हणून आम्लाचा सुमारे 85 टक्के भाग खर्ची पडतो.

मघाशी मी ‘थबकते’ म्हणालो, तो केवळ डोळ्यांना दिसणारा देखावा. आत क्षणोक्षणी जितके एस्टरचे रेणू घडतात तितकेच मोडतात. समतोल म्हणतात तो यालाच.

बाहेरून ताण आणला तर हा समतोल ताण हलका होईल त्या बाजूस सरकतो, हे 1884 साली ल शातलिये याने सांगितले. उदाहरणार्थ, नायट्रोजन व हायड्रोजन यांचा अमोनिया होताना चार आकारमानांची दोन होतात, म्हणून दाब भरपूर हवा. उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान कमी हवे, परंतु ते फार उतरवले तर क्रियेचा वेगच मंदावतो. हाबर आणि बॉश या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लोहाचा उत्प्रेरक, सुमारे 200 वातावरणांचा दाब व 500 अंशांच्या आसपासचे तापमान यांचा मेळ घातला, तरी एका फेरीत अमोनिया थोडाच हाती येई. म्हणून 1913 साली जर्मनीतील ओपाऊ येथे सुरू झालेल्या कारखान्यात, सरोवराकाठचा सोडा जसा पाण्याबाहेर पडत होता, तसा तयार अमोनिया काढून घेत आणि उरलेले वायू पुन्हा त्याच पात्रात सोडत.