पालीची बाजू



सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. जेवणाची वेळ होत आली आहे, संयोजकांची चिठ्ठीही आली आहे, तेव्हा थेट अन्नविषबाधेच्या अभ्यासाच्या आढाव्याकडे वळते.

1888 साली जर्मनीत फ्रांकेनहाउझेन इथे गायीचे मांस खाऊन माणसे आजारी पडली. ऑगस्ट गेर्टनर यांनी त्या मांसातून आणि दगावलेल्या रुग्णाच्या शरीरातून एकच जीवाणू वेगळा केला. पुढे तो साल्मोनेलाच्या कुळात गेला. त्याआधी सडक्या मांसातल्या ‘टोमेन’ नावाच्या द्रव्यांवर सगळे खापर फुटत असे. इथून निघून आजच्या जनुकीय तपासण्यांपर्यंत यायचे, असा माझा बेत होता. पण 36 वर्षे एक गोष्ट मनात राहिली आहे आणि असे व्यासपीठ पुन्हा मिळायचे नाही. आढावा छापील प्रतीत आहे, तो घरी वाचा. मी पालीविषयी बोलणार आहे.

हसू नका. लग्नात, वसतिगृहात, भंडाऱ्यात लोकांना उलट्या होऊ लागल्या की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते: अन्नात पाल पडली. आपल्या घरातली पाल विषारी नसते. तिच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतो, हे खरे. पण उकळत्या आमटीत तिच्याबरोबर तोही शिजतो. जिवंत पोटात गेला तरी त्याला बहुधा अर्धा ते दीड दिवस लागतो. दोन-तीन तासांत अख्खी पंगत आडवी करणे हे त्याचे काम नव्हे. पाल पडलेली आमटी खा, असे मी म्हणत नाही. खुशाल फेका. पण तिच्याबरोबर तपासही उकिरड्यावर जातो, त्याचे काय?

मला तर ‘विषबाधा’ या शब्दाचाच संशय येतो. आपल्याकडे बाधा म्हटली की ती बाहेरचीच. भूतबाधेला भूत लागते, तशी विषबाधेला पाल.

नोकरीला लागून मला तीन वर्षे झाली होती. तालुक्याचे कॉलेज, मे महिना, जवळच्या गावात लग्न. दोन वाजता पंगती बसल्या, पाचच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. आमटीच्या पातेल्याच्या तळाशी पाल निघाली आणि लोकांनी आचाऱ्याला झोडपले. मी दोन निर्जंतुक बाटल्या घेऊन पोचले तोवर आमटी ओतून भांडी घासून झाली होती. बासुंदीचे एक पातेले तेवढे मांडवामागे राहिले होते. त्याची खरवड मी घेतली. बासुंदी आदल्या रात्री आटवलेली. कोमट झाल्यावर एका पोऱ्याने तिच्यात चारोळी हातानेच कालवली होती. त्याच्या अंगठ्याला मळकी चिंधी बांधलेली मी पाहिली. तशीच ती बासुंदी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत मांडवात होती.

ती खरवड लावलेली मॅनिटॉल सॉल्ट अगारची गुलाबी बशी दुसऱ्या दिवशी पिवळी झाली. तिच्यावर वाढलेला जीवाणू सशाच्या रक्तद्रवात घातला. चार तासांनी नळी तिरकी केली, तर आतले काही हलेना. दही लागावे तसे लागले होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस. या जीवाणूचे विष उकळल्यानेही जात नाही. त्याला वास नाही, चव नाही. 1914 साली फिलिपिन्समध्ये बार्बर या संशोधकांनी असलाच धडा स्वतःच्या पोटावर घेतला होता. निरोगी दिसणाऱ्या गायीचे ताजे दूध प्यायले तर काही होत नव्हते. तेच दूध काही तास बाहेर राहिले की उलट्या.

अहवाल लिहून मी संबंधित कचेरीत गेले. साहेबांनी तो उघडला नाही. “पाल सापडली ना, मॅडम?” मी म्हटले, “हो, सापडली.” आणि अहवाल पर्समध्ये घालून परत आले. आचारी अगदी निर्दोष होता असे नाही, बासुंदी त्याचीच. पण शिक्षा झाली ती भलत्याच गुन्ह्याची. पुढच्या लग्नापासून त्या पंचक्रोशीत पातेल्यांवर घट्ट झाकणे आली, पाल पडू नये म्हणून! गरम बासुंदीवर घट्ट झाकण ठेवले की ती आणखी उशिरा निवते. एवढाच धडा गावाने घेतला, आणि तो माझ्या गप्प बसण्यामुळे.

सकाळपासून इथे वाद चालला आहे, जीवाणू म्हणावे की बॅक्टेरिया. आमच्या वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशींवर मी दोन्ही शब्द वापरून पाहिले. त्यांनी दोन्हींना सारखीच मान डोलावली. मग विचारले, “मावशी, विरजण कधी लावता?” “दूध कोमट झालं की. कडत दुधात मरतं, गार दुधात लागत नाही.” झाले! आपण फळ्यावर वक्र काढून जे तासभर शिकवतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मी म्हटले, “भाताला आणि आमटीलाही असेच विरजण लागते. आंबट होत नाही म्हणून कळत नाही.” दुसऱ्या दिवसापासून उरलेला भात परातीत पसरून निवायला लागला. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, आधी ‘कोमट’ शिकवा. साधारण 5 ते 60 अंश, म्हणजे कोमट. 20 मिनिटांत दुप्पट होणारा एक जीवाणू 7 तासांत 20,97,152 होतो. भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही उरतात. रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाट पाहत असतो. शाळेत पोषण आहाराची चव शिक्षकांनी आधी पाहायची, असा नियम आहे. चांगला आहे, पण चवीत मीठ कळते, विष कळत नाही.

प्रात्यक्षिके पडद्यावर दाखवावीत का, हा दुसरा वाद. ती नळी तिरकी करताना माझा हात थरथरला होता. पडद्यावर तो थरथरेल काय?

आता कामे. आचाऱ्यांसाठी अर्ध्या पानाचे पत्रक काढावे. वार्ताहरांसाठी एक घड्याळ छापावे: दोन-चार तासांत उलट्या, तर स्टॅफ किंवा सेरियस, आठ ते सोळा तासांत कळा आणि जुलाब, तर परफ्रिंजेन्स, पुढे ताप, तर साल्मोनेला, आणि मग आजचे नव्हे, कालचे जेवण आठवा. लिहिणार कोण, पैसे कुठून, हे कार्यकारिणी बघेल. मी मसुदा करून देईन म्हणते.

तो अहवाल अजून माझ्या कपाटात आहे. आज कुणी “पाल सापडली ना, मॅडम?” असे विचारले, तर म्हणेन, “सापडली. पण बासुंदी चुलीवरून किती वाजता उतरवली होती, साहेब?” तेव्हा एवढेच विचारायचे होते.

चला, जेवायला जाऊ. भात किती वाजता उतरवला, ते मी येतानाच विचारून आले आहे.