मदत घेणाराही मंचावर हवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं दहा मिनिटांत मावत नाहीत, म्हणून एकाच कार्यक्रमाबद्दल बोलतो. त्याला कारणही आहे. आज संध्याकाळच्या बैठकीत शाळेच्या बँड पथकासाठी निधी कसा उभारायचा हे ठरायचं आहे. सकाळी मी वाद्यांची खोली पाहून आलो. साइड ड्रमची कातडी फाटली आहेत, बिगुलांना पोचे आले आहेत. या १५ ऑगस्टला मुलांचं संचलन मोबाइलवरच्या गाण्यावर झालं, असं बाईंनी सांगितलं. आपल्या मिरजेच्या शाळेत वाद्यं नसावीत, हे मनाला लागलं.

मी राहतो ते कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधलं मोटार कारखान्यांचं शहर. महायुद्धानंतर तिथे कामासाठी पंजाबातून माणसं आली, तशी जमैकातूनही आली. जमैकातल्या लोकांनी सोबत आपलं संगीत आणलं, स्का आणि रेगे. बॉब मार्ली हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो रेगेचा गायक. स्का हा रेगेचा थोरला भाऊ, चालीला जलद. एक, दोन, तीन, चार मोजत टाळी द्या. आपली टाळी आकड्यावर पडते. स्कामध्ये गिटारचा ठोका दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. म्हणून ते ऐकताना माणूस स्वस्थ बसू शकत नाही.

१९७९ साली, म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्स नावाच्या वादकाने 'टू टोन' ही रेकॉर्ड कंपनी काढली. या गृहस्थाचा जन्म आपल्या उटीचा. त्याच्या 'द स्पेशल्स' या बँडमध्ये काळे आणि गोरे तरुण एकत्र वाजवत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. एप्रिल १९८१ मध्ये सतनामसिंग गिल या विद्यार्थ्याची शहराच्या मध्यवस्तीत हत्या झाली. त्यानंतर जूनमध्ये स्पेशल्सने शहरातल्या बट्स स्टेडियमवर वंशद्वेषाच्या विरोधात कार्यक्रम केला. वातावरणात भीती होती. तरी ज्यांना रस्त्यात धमक्या मिळत होत्या, तेच मंचावर उभे राहून वाजवत होते.

आमचा कार्यक्रम याच्यापुढे अगदी लहान. आमच्या भागात गरजू कुटुंबांना आठवड्याचा शिधा देणारं एक केंद्र आहे. तिथे मी हिशेब पाहतो. एका हिवाळ्यात मागणी इतकी वाढली की फळ्या रिकाम्या पडल्या. तेव्हा गावातल्याच तीन स्का आणि रेगे बँडना विचारलं. ट्रम्पेटवाला निवृत्त पोस्टमन, बास गिटारवाला बस चालवणारा, गाणारी बाई शाळेत स्वयंपाक करणारी. तिकीट ८ पौंड, नाहीतर एक पिशवी शिधा. कुणी मानधन घेतलं नाही. आम्ही मात्र सगळ्यांच्या पेट्रोलचे पैसे आणि जेवण दिलं. उपकार करणाऱ्याच्या खिशाला भोक पडू नये, एवढं पथ्य पाळलं. दुसऱ्या दिवशी जमाखर्च दारावर चिकटवला.

पण मला सांगायचं आहे ते पैशाबद्दल नाही. दुसऱ्या बँडचा ड्रमवाला कारखान्यातून कमी झालेला माणूस. त्याच्या घरी आमच्याच केंद्रातून शिधा जात होता. मला ते माहीत होतं, कारण वही माझ्याकडे. शिधा न्यायला यायचा तेव्हा तो खाली बघून उभा राहायचा, पिशवी घेऊन भिंतीच्या कडेने निघून जायचा. त्या रात्री मात्र त्याने तासभर अख्खं सभागृह नाचवलं. पुढच्या शुक्रवारी तो पिशवी घ्यायला आला आणि थांबला. चहा घेतला, खोकी उचलायला मदत केली. त्यानंतर दर शुक्रवारी तो आमच्या बाजूला, टेबलामागे उभा असायचा.

या संगीताचं मूळच असं आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरात अल्फा बॉईज स्कूल नावाची शाळा होती. अनाथ आणि गरीब मुलांसाठी जोगिणी ती चालवत. शाळेचा स्वतःचा बँड होता. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस या बाई तर स्वतः रेकॉर्ड्स आणून मुलांना ऐकवायच्या. १९६४ मध्ये 'स्कॅटेलाइट्स' हा स्काचा सर्वांत नावाजलेला बँड उभा राहिला, त्यात डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग असे चौघे या शाळेचे माजी विद्यार्थी होते. दानावर वाढलेल्या पोरांनी देशाला संगीत दिलं.

आपल्याला हे नवीन नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा होते. तिथे मोठमोठे कलावंत येतात आणि आपण म्हणतो, "त्यांनी हजेरी लावली." किती छान शब्द आहे! मी आलो, मी माझ्याजवळचं ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या बैठकीचं. पुण्या-मुंबईचा ऑर्केस्ट्रा आणावा, समोर बँडच्या मुलांना बसवावं आणि शेवटी त्यांच्या हातात वाद्यं देऊन फोटो काढावा, असा एक प्रस्ताव आहे. मांडणाऱ्यांची तळमळ मला ठाऊक आहे. पण माझी विनंती वेगळी आहे. ऑर्केस्ट्राला द्यायच्या पैशातून आधी जुनी वाद्यं दुरुस्त करू. दुरुस्तीची जाण असलेले हात या गावात आहेत. मग तीन महिने मुलांची तालीम घेऊ. आपल्या वर्गातले बेंजोवाले, तबलेवाले, भजनी मंडळातले पेटीवाले त्यांच्याबरोबर बसतील. आणि तिकीट लावून त्या मुलांचाच कार्यक्रम करू. पैसे कदाचित थोडे कमी जमतील, सूर थोडे इकडेतिकडे होतील. चालेल. त्या मुलांना आपण वाद्यं दिली असं होणार नाही. ती त्यांनी वाजवून मिळवली असं होईल.

मी त्या तीन महिन्यांत इथेच राहणार आहे. जमाखर्चाची वही माझ्याकडे द्या.