एका गोलाची जन्मठेप

रिओच्या माराकाना क्रीडांगणावर १६ जुलै १९५० रोजीं ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठीं बरोबरीही पुरेशी होती. परंतु उरुग्वेच्या गिज्जानें जवळच्या खांबालगत चेंडू मारला, ब्राझील १-२ असें हरलें आणि सारें खापर गोलरक्षक बार्बोसाच्या माथीं फुटलें. त्यानें खांब मोकळा सोडला, असें प्रेक्षक म्हणत. वस्तुतः पहिल्या गोलाच्या वेळीं गिज्जानें चेंडू मध्यभागीं धाडला होता. तसेंच पुन्हां होईल, हा बार्बोसाचा तर्क अवाजवी नव्हता. गुन्हेगाराची कैदही तीस वर्षांत संपते, आपली पन्नास वर्षांतही संपली नाहीं, ही त्याची खंत होती. तो २००० सालीं वारला. २०१४ सालीं जर्मनीनें ब्राझीलला ७-१ असें हरविलें, तेव्हां अनेक क्रीडारसिक बार्बोसाला निर्दोष म्हणूं लागले. क्षमा करावयाची ती मनुष्याच्या हयातींतच करावी, एवढा बोध प्रेक्षकवर्गानें घ्यावा.