आपल्यानंतर या लेकरांचे काय?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वक्तृत्वाचा व्यासंग नाही. तरीही ज्या विषयावर आपल्या मैंदर्गीत उंबरठ्याच्या आत कुजबुजले जाते, तो आज उघडपणे मांडण्याची अनुज्ञा मागतो. ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत आणि आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात, त्या मुलांचे आईवडील एकच प्रश्न उराशी घेऊन झोपतात : आपल्यानंतर याचे काय?

मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या कन्येसाठी लहानशी शाळा काढली. तीच आजची ‘जय वकील’ संस्था. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ उभारले. अमरावती जिल्ह्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना पिता म्हणून स्वतःचे नाव दिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागते, हा नियम या मुलांना लावू नये, अशी त्यांची वर्षानुवर्षांची मागणी. अठराव्या वर्षी ज्याला स्वतःची गुंडी लावता येत नाही, तो जाणार कोठे? पांजरपोळातील भाकड गाईला आपण तिचे वय विचारीत नाही.

अशा एका निवासगृहात मी कपड्यांचे गठ्ठे घेऊन गेलो होतो. तेथील काळजीवाहक भगिनीने गठ्ठा उघडला आणि नम्रपणे म्हणाली, “काका, कापड उत्तम आहे, पण गुंड्या नकोत, नाडीही नको. इलास्टिक द्या.” चाळीस वर्षे कापड विकूनही हे मला कोणी सांगितले नव्हते. दिवसातून तीनदा बदलावे व धुवावे लागणारे कापड सुती, दाट विणीचे आणि पक्क्या रंगाचेच हवे.

त्या दिवशी तिचे काम पाहिले. सदरा घालणे ही आपल्या दृष्टीने एक कृती. ती तिचे आठ-दहा तुकडे करते. प्रथम सगळे ती स्वतः करते, केवळ शेवटचा तुकडा, सदरा खाली ओढणे, मुलाकडून करवून घेते. ते जमले की त्याच्या आधीचा. एका सदऱ्याला महिने लागतात. घास गिळला की नाही हे पाहूनच पुढचा भरवायचा, फिटची गोळी ठरल्या वेळीच द्यायची, वयात आलेल्या मुलीला पाळीची स्वच्छता शिकवायची. रात्री कोणास झटका आला तर त्याला कुशीवर वळवून, तोंडात काही न घालता, घड्याळाकडे पाहत जवळ बसायचे. हे सारे करणाऱ्यांना वेतन बेताचेच मिळते. माणसे टिकत नाहीत, आणि ओळखीचा हात गेला की मूल जेवणे सोडते.

दातृत्वात आपला समाज मागे नाही. वाढदिवसाला मिष्टान्न देतो, पंख्यावर नाव घालतो. (काही पंख्यांवर पात्यांपेक्षा नावच मोठे असते, असो.) परंतु रात्रपाळीच्या वेतनावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला दाता मिळत नाही. माझी विश्वस्तांना विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी निधीतील एक भाग मुदत ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून आपल्या जिल्ह्यातील अशा एखाद्या निवासगृहाच्या काळजीवाहकाचे वेतन दरवर्षी द्यावे. या ठेवीत पहिली रक्कम माझ्या पेढीची राहील.

पालकांसाठीही एक गोष्ट. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. आपण हयात असतानाच हे करावे. भावाभावांच्या वाटणीनंतर नव्हे. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र प्रथम काढावे लागेल. अर्ज भरण्यास कोणास संकोच वाटत असल्यास दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, मी तेथेच असतो.