यंत्राची आठवण

दामरगिद्दा हे नाव आज बिदर-कलबुर्गीकडे हिंडणाऱ्या मोजणीदारांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. पण भूमापनाच्या इतिहासात बिदर परिसरातील ह्या ठिकाणाला मोठा मान आहे. १८१५ साली विल्यम लॅम्बटन ह्यांनी येथे पोलादी साखळीने आधाररेषा मोजली. पुढे १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ ह्यांनी धातूच्या गजांनी बिदरची आधाररेषा पुन्हा मोजून घेतली. जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांचा १८३० सालचा ग्रंथ १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे ह्या अक्षांशांमधील मोजणीचा आहे, आणि तिचे दक्षिणेकडील टोक म्हणजे हेच दामरगिद्दा. त्या काळच्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार ठरला, त्यावरच भारताचे सर्वेक्षणाचे नकाशे पुढे दीड शतकाहून अधिक काळ बेतले गेले. लॅम्बटन मात्र उत्तरेकडे सरकता सरकता १८२३ साली हिंगणघाट येथे वारले.

त्या काळी एक बिंदू पक्का करावयास डोंगरमाथ्यावर दिवसचे दिवस जात. आता तळहातावर मावणारे जीपीएस यंत्र तेच काम, काही मीटरांच्या अचूकतेने, चालता चालता करते. भालकी-औरादकडील विहिरी, आळंदच्या माळावरील बंधारे, बिदरजवळच्या नौबाद येथील बहमनी कारेझची जांभ्याच्या पठारावर उघडणारी तोंडे, ह्यांच्या जागा टिपण्यास असे यंत्र फार सोयीचे. (शेताच्या बांधाचा तंटा मात्र ते मिटवीत नाही, तेथे चार-पाच मीटर ही फार मोठी रक्कम आहे.) सरकारी असो वा अभ्यासकाचे, असे यंत्र बहुधा जुने असते, आणि जुन्या यंत्राचे दुखणे त्याच्या पोटात असते.

मागचे झाकण उघडून आपण जे पेन्सिल सेल घालतो, ते केवळ यंत्र चालविण्यापुरते. त्याखेरीज आत एक नाण्याएवढा लिथियम सेल असतो. यंत्र बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणे, कोणता उपग्रह साधारण कोठे असेल त्याचे कोष्टक व शेवटची जागा जपणे, ही त्याची कामे. जुन्या घडणीच्या यंत्रांत टिपलेल्या जागाही त्याच्याच भरवशावर असतात. नव्या यंत्रांत ह्या नोंदी विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत जातात, म्हणून तेथे नुकसान कमी. पण जुन्या यंत्रातला आतला सेल मेला असेल, तर पेन्सिल सेल बदलण्यासाठी बाहेर काढताच महिनाभराची पायपीट पुसली जाते, आणि पडद्यावर त्याची सूचनाही येत नाही.

हा सेल खचत चालल्याची खूण पहिल्यांदा वेळेत दिसते. यंत्र सकाळी चालू केले की पूर्वी मिनिटभरात जागा सांगे, ते आता पंधरा-वीस मिनिटे चाचपडते. कारण सरळ आहे. कोष्टक पुसले गेले म्हणजे ते उपग्रहाकडून पुन्हा घ्यावे लागते, आणि उपग्रह ते इतक्या सावकाश पाठवितो की पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. दुसरी खूण तारखेची. उपग्रहांची आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ती २२ ऑगस्ट १९९९ आणि पुन्हा ७ एप्रिल २०१९ रोजी आली. त्यामुळे काही जुनी यंत्रे साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवितात. ह्या दोषाला नवा सेल हे औषध नव्हे, हे ध्यानी ठेवावे; उगाच यंत्र उकलण्याचे श्रम वाचतील.

खरा घात होतो तो निराळ्याच ठिकाणी. स्मृती गेली की यंत्रातील नकाशाचा आधारही मूळ पदावर, म्हणजे आजच्या जागतिक आधारावर जातो. हाती सर्वेक्षणाचा जुना नकाशा असेल, तर तो एव्हरेस्ट ह्यांच्या आकारावर काढलेला. दोहोंत बिदरच्या बाजूला शंभर मीटरहून अधिक तफावत पडते. आकडे व्यवस्थित दिसतात, उपग्रहही भरपूर सापडलेले असतात, आणि तरीही नकाशावरील विहीर ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसते. भाबडा माणूस नकाशालाच दोष देतो. म्हणून सेलची शंका येताच पहिल्याने आधाराची खूण तपासावी, आणि प्रत्येक नोंदीच्या शेजारी ‘आधार अमुक’ असे वहीत लिहावे.

उपायाची सुरुवातही वहीनेच करावी. सर्व जागा कागदावर किंवा संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय पेन्सिल सेल काढू नयेत. यंत्र वर्षानुवर्षे कपाटात रिकामे पडलेले असेल, तर आतला सेल नुसता उपाशी असण्याचा संभव आहे. पुष्कळ यंत्रांत तो पेन्सिल सेलांतूनच भरला जातो. तेव्हा ताजे सेल घालून काही दिवस वाट पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर सेल बदलावा लागतो. तो बहुधा सोल्डर केलेला असतो, म्हणून हे काम मोबाइल वा घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सरावलेल्या हाताकडे द्यावे. पुन्हा भरता येणाऱ्या सेलच्या जागी साधा सेल कधीही बसवू नये. दोन्ही दिसायला सारखेच. पण यंत्र साध्या सेललाही भरू पाहते, आणि तो फुगतो, गळतो किंवा फुटतो. पत्र्याचे पाय आधीच जोडलेला सेल मागवावा. उघड्या सेलवर तापलेली सळई टेकविणे धोक्याचे. धन-ऋण बाजू काढतानाच कागदावर काढून ठेवाव्यात. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी चिरली असेल तर तीही बदलावी, नाहीतर पहिल्या मृगाच्या सरीत यंत्रात पाणी शिरेल.

जोडणी झाल्यावर यंत्र मोकळ्या आभाळाखाली, एका जागी, वीस मिनिटे ठेवावे. मग आधार पुन्हा बसवून, एक खोटी जागा टिपून, पेन्सिल सेल काढावेत आणि यंत्र रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी ती जागा आणि घड्याळ दोन्ही कायम असली, तर सेलने जीव धरला.