मगनवाडीचा दिवा



सिंदी मेघे वर्ध्याला लागूनच. तेव्हा मगनवाडी तुम्हांला काही परकी नाही. 1934 साली निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चाले. त्या काळी तिथे एक कंदील तयार झाला. नाव ‘मगनदीप’. रॉकेलऐवजी तो घाण्याचे तेल जाळी. आज हसू येईल, खाण्याचे तेल जाळायचे म्हणजे काय! पण हिशेब पाहा. रॉकेलचा पैसा गावाबाहेर जाई. तेलबी शेतात दरसाल पिके आणि पैसा गावच्या तेल्याकडे राही.

संघाचे जे. सी. कुमारप्पा म्हणत, कोळसा नि खनिज तेल म्हणजे साठ्याची संपत्ती. उपसली की आटते, आणि तिच्यापायी राष्ट्रे भांडतात. धुराने हवामान बिघडते, ही तक्रार आज तीत जोडा. आपल्या चंद्रपूरचे 2,920 मेगावॅटचे केंद्र कोळशावरच चालते.

ऊन मात्र रोज नवे येते. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून जावे लागते, ते शेतकऱ्याला विचारा. सौरपंप दिवसा चालतो. सरकारी योजनेत शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के वाटा भरायचा. अनुसूचित जाती-जमातींना पाचच.

ढगाळ दिवशी पाणी कमी पडेल, हे खरे. धूळ बसली तरी वीज घटते. म्हणून काचा सकाळी, थंड असताना, ओल्या फडक्याने पुसा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, ती तडकते.