सिनेमा सबंध दाखवा

आज बोलायचंय ‘एलिफंट बॉय’ या १९३७च्या सिनेमाबद्दल. तो किपलिंगच्या गोष्टीवरचा, तूमाई नावाच्या माहुताच्या पोराची ती गोष्ट. पण गुरुजींनो, बाईंनो, मुद्द्याचं आधीच सांगतो, मागाहून वेळ पुरत नाही. हा सिनेमा शाळेत दाखवा आणि सबंध दाखवा. दीड तासाच्या आत संपतो. मोबाइलवरचा तुकडा नको.

त्यात काला नाग हत्ती पिसाळतो, छावणीची दाणादाण उडवतो. एवढंच पाहिलं तर काय दिसतं? माजलेलं जनावर. पण त्याआधी त्याचा माहूत, तूमाईचा बाप, वाघानं मारलेला असतो. ते पाहिलेलं पोर हत्तीला भीत नाही, हळहळतं. संगमनेर-अकोल्याच्या उसातल्या बिबट्याच्या क्लिपा आपण अशाच पुढे ढकलतो, मागचं-पुढचं न बघता. असो, तो वेगळा विषय.

शिवाय सिनेमा कुठे आणि कसा बघतो, यानंही फरक पडतो. हुरड्याचंच घ्या. थंडीत वावरात आगटी करायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, तळहात भाजेस्तोवर चोळायची, शेजाऱ्याच्या चटणीवर डोळा ठेवायचा. तोच हुरडा पाकिटात भरून पुण्याला धाडा. दाणा तोच, पण खाणारा म्हणतो, ‘बरा आहे.’ बरा! सिनेमालाही आगटी लागते. खोली अंधारी, पोरं दाटीवाटीनं बसलेली, एक हसलं की सगळा वर्ग हसतो. आणि कणीस अर्धंच भाजून काढलं तर दाणा सुटतो का? म्हणून म्हणतो, सबंध दाखवा.

तूमाई झालेला साबू म्हैसूरच्या महाराजांच्या हत्तीखान्यातला, माहुताचा पोरका मुलगा. हत्तीशी बोलताना तो नट वाटतच नाही. रॉबर्ट फ्लाहर्टींनी जंगलातलं चित्रण म्हैसूरकडे केलं, स्टुडिओतलं झोल्टन कोर्डांनी इंग्लंडात. व्हेनिसला दोघांना दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, तरी सांधा दिसतो. इंग्रज नट आपले माहूत झालेत, तेही खटकतं. खटकू द्या, मुलं विचारतील, तुम्ही सांगा.

आपल्या नगरचे शाहू मोडक १९३२च्या ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण झाले, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते. साबूच्या आधी पाच वर्षं! किती मुलांना हे नाव माहीत आहे? त्यांच्यावरही बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय.

तर मुख्याध्यापकांनो, शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आत हे जमवा. पडदा नसेल तर भिंतीवर पांढरी चादर लावा, खिडक्यांना सतरंज्या. मध्येच थांबवून प्रश्न विचारू नका, गृहपाठ तर मुळीच देऊ नका. आणि तो हत्तींचा नाच, रात्री जंगलात तूमाई बघतो तो, त्याबद्दल तर मी अजून काहीच… बरं, बरं, थांबतो.